लेथ घेतला, टूलचं काय?

सेकंड हँड लेथ मिळतोय, घरामागे शेड आहे, नगरच्या एमआयडीसीतून जॉब आणू... असा प्लॅन असेल, तर आधी हिवरे बाजारला चक्कर मारा. पद्मश्री पोपटराव पवारांच्या या गावात पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला ते बघून रब्बीची पिकं ठरतात. उसाला तर बंदीच. लावणीचा खर्च एकदाच, पाणी मात्र वर्षभर पाजावं लागतं ना!

लेथही असाच तहानलेला. थ्री जॉ चक मशीनसोबत आला, तरी चौकोनी जॉब धरायला फोर जॉ लागतो. मग ड्रिल चक, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, बोरिंग बार. एम८चे आटे पाडायचेत? टॅप हवा आणि त्याआधी ६.८ मिमीचं ड्रिल. व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल गेज वेगळेच. घरच्यांनी एफडी मोडून दिलेले पैसे मशीनवरच संपले, तर लेथ शेडमध्ये धूळ खात पडणार.

सगळ्यात खर्चिक सवय कार्बाइडची. सीएनएमजी इन्सर्टला चार धारा. त्या झिजल्या की नवा इन्सर्ट, आणि होल्डरही त्याच मापाचा. एचएसएसचा टूल बिट मात्र ग्राइंडरवर पुन्हा पुन्हा धार लावून वापरता येतो. हात बसायला वेळ लागतो, पण आयटीआयचा टर्नर ट्रेड दोन वर्षांचा आहे तो काही उगाच नाही.

पहिली ऑर्डर कसली असेल? फक्त तिला लागणारी टूल कागदावर लिहा, दुकानात भाव विचारा, तो आकडा लेथच्या किमतीत मिळवा. मग मशीनवाल्याला फोन करा.