नाणेसंग्रह : छंद कीं गुंतवणूक ?



नांदेड-लातूरकडील जुन्या घरांत एखाद्या फडताळांत किंवा देवघरांतील डब्यांत चारमिनारचें चित्र असलेला रुपया अद्यापि क्वचित् सांपडतो. हा निजामी राज्याचा हाली सिक्का. तो हातीं आला कीं घरांतील तरुण मंडळी प्रथम विचारतात, "ह्याचे किती येतील ?" प्रश्न अयोग्य नव्हे, परंतु नाण्याला किंमत कशामुळें येते, हें आधीं पाहिलें पाहिजे.

पहिलें कारण धातु. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या हाली रुपयाचें वजन सुमारें ११.१८ ग्रॅम व त्यांत चांदी शेंकडा ८१.८, म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. ब्रिटिश रुपया, ज्यास आपल्याकडे कलदार म्हणत, तो ११.६६ ग्रॅमचा व त्यांत शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. सहा कलदारांस सात हाली हा जुना ढोबळ हिशेब या आंकड्यांशीं जवळजवळ जुळतो. पुढें १९४० सालीं कलदारांतील चांदी निम्म्यावर आली व १९४७ सालीं रुपया निकेलचा झाला.

दुसरें कारण दुर्मिळता. जुनें तेवढें महाग, ही समजूत खरी नाहीं. सातवाहनांचीं शिशाचीं व मिश्रधातूचीं नाणीं दोन हजार वर्षांचीं. पण तीं विपुल सांपडल्यामुळें त्यांपैकीं पुष्कळ अल्प मोलांत मिळतात. उलट १९३९ सालचा चांदीचा रुपया दुर्मिळ, म्हणून त्यास मोठी किंमत येते; आणि म्हणूनच त्याच्या नकलाही होतात.

तिसरें कारण नाण्याची स्थिति. चिंच किंवा राख लावून नाणें लखलखीत करणारा मनुष्य त्याचा पृष्ठभाग झिजवितो आणि मोल घालवितो.

आतां गुंतवणुकीचा विचार करूं. नाणें व्याज देत नाहीं. व्यापारी ज्या भावानें विकतो त्या भावानें परत घेत नाहीं. आणि योग्य गिऱ्हाईक गरजेच्या वेळीं भेटेलच असें नाहीं. ज्यास चांदीच हवी त्यानें चांदी घ्यावी. जुन्या नाण्यांस लाखों रुपये देण्याचें आमिष दाखवून आधीं शुल्क मागणाऱ्या ठकांविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०२१ सालीं लोकांस सावध केलें होतें, हेंही ध्यानांत ठेवावें.

मग छंदांत मिळतें काय ? चारमिनारच्या कमानींत पाहा. तेथें 'मीम' हें अक्षर असेल तर नाणें महबूब अली खान यांचें. 'ऐन' असेल तर १९११ सालीं गादीवर आलेल्या उस्मान अली खान यांचें. एका अक्षरानें राजवट कळते, आणि जवळच कोरलेल्या हिजरी सनानें वर्षही कळतें.

याहून मोठें उदाहरण लातूरच्या शेजारीं आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवच्या पांढरींत सांपडणारीं नाणीं, मणी व मृण्मूर्ति जमविल्या, आणि त्या संग्रहांतूनच आज त्यांच्या नांवें असलेलें शासकीय वस्तुसंग्रहालय उभें राहिलें. तीच नाणीं सुटीं विकलीं गेलीं असतीं, तर तगरच्या व्यापाराचा पुरावा दहा दिशांस विखुरला असता. कारण नाणें कोठें सांपडलें हें विसरलें कीं त्याची अर्धी साक्ष नाहींशी होते.

कायदाही जाणून असावें. जमिनींत सांपडलेलें दहा रुपयांवरील मोलाचें गुप्तधन कलेक्टरांस कळविणें १८७८ च्या कायद्यानें बंधनकारक आहे. आणि शंभर वर्षांहून जुनें नाणें खासगी रीतीनें परदेशीं नेण्यास १९७२ च्या कायद्यानें मनाई आहे.

सारांश, नफा झाला तर तो छंदाचा प्रसाद मानावा. संसाराची पुंजी त्यावर लावूं नये. घरांतला हाली रुपया मात्र सोनाराच्या मुशींत टाकण्यापूर्वीं थांबावें. मुशींतून नऊ ग्रॅम चांदी निघेल. पण त्यावरचें अक्षर आणि सन पुन्हां मिळणार नाहीं. तो कागदी पाकिटांत ठेवावा, आणि वर तो घरांत कोणाकडून व कोठून आला तें दोन ओळींत लिहावें.