पेंढ्यातील साखर आणि यीस्टमधील कळ

हरियाणातील पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल तयार करणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर, म्हणजे टनामागे साधारण १५० लिटर इथेनॉल मिळावे, असे उद्दिष्ट आहे. पेंढ्यातून मोकळ्या झालेल्या साखरेचे इथेनॉल करण्याचे काम मात्र यीस्ट या सूक्ष्मजीवाचे असते. म्हणून यीस्टची शिस्त समजून घेणे उपयुक्त ठरते.

आधी ग्लुकोज, मग इतर

ग्लुकोज मुबलक असताना यीस्ट अन्य अन्नाकडे वळत नाही. त्यासाठी लागणारी जनुके ‘मिग१’ हे प्रथिन केंद्रकात राहून बंद ठेवते. ग्लुकोज संपत आले की ‘एसएनएफ१’ हे विकर जागे होते आणि मिग१वर फॉस्फेटचे गट जोडते. यालाच फॉस्फोरिलेशन म्हणतात. फॉस्फेट जोडलेले मिग१ केंद्रकाबाहेर जाते आणि जनुकांवरील बंधन सैल होते. त्यामुळे ‘कॅट८’ हे जनुक-सक्रियक प्रथिन तयार होऊ लागते. एसएनएफ१मुळे त्यावरही फॉस्फेट जोडले जाऊन ते कार्यक्षम होते. ग्लुकोज पुन्हा मिळाल्यास दुसरी विकरे फॉस्फेट काढून टाकतात. कळ दोन्ही बाजूंना फिरते, हेच या यंत्रणेचे वैशिष्ट्य. प्रथिनांच्या अशा उलटसुलट फॉस्फोरिलेशनच्या शोधासाठी एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इथेनॉल करणारे यीस्टच ते खाते

कॅट८ आणि ‘एडीआर१’ ही सक्रियके जी जनुके चालू करतात, त्यांत इथेनॉलचा अन्न म्हणून वापर करणारी जनुकेही असतात. म्हणजेच साखर संपून टाकीत हवा शिरली, तर यीस्ट स्वतः केलेले इथेनॉल खाऊ लागते. त्यामुळे किण्वन वेळीच थांबवणे व टाकीत ऑक्सिजन जाऊ न देणे याला थेट आर्थिक महत्त्व आहे.

दुसरी अडचण पेंढ्याच्या घडणीतच आहे. त्यातील सेल्युलोजपासून ग्लुकोज मिळते, तर हेमिसेल्युलोजपासून मुख्यतः झायलोज. नेहमीचे यीस्ट झायलोजचे इथेनॉल करू शकत नाही. अन्य सूक्ष्मजीवांची जनुके घातलेले यीस्ट ते करते. परंतु तेही बहुधा आधी ग्लुकोज संपवते आणि मग झायलोजकडे वळते. या दोन्ही साखरा एकाच वेळी वापरल्या जाव्यात, यासाठी संशोधक ग्लुकोजचा हा अग्रक्रम शिथिल करण्याचा प्रयत्न करीत आहेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

‘एवढ्या पेंढ्यातून एवढेच इथेनॉल का?’ असे शेतकऱ्याने विचारल्यास उत्तराचा एक भाग येथे आहे: पेंढ्यातील प्रत्येक साखर यीस्टला सारखीच वापरता येत नाही. यीस्टमधील ही कळ शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु पेंढा कोरडा, मातीविरहित आणि न कुजलेला ठेवणे त्याच्या हाती आहे. कुजताना पेंढ्यातील साखरेचा साठा इतर सूक्ष्मजीव आधीच संपवतात. मग यीस्टच्या वाट्याला कमीच उरते.