जुन्या पिकअपचा मागला आंस बदलण्याविषयीं

संत्र्याचा व कापसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे अचलपूर तालुक्याच्या रस्त्यांवर नव्या गाड्यांच्या जोडीनें वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या पिकअपही ओझें वाहूं लागतात. ज्यांच्या घरीं अशी गाडी आहे, त्यांपैकीं कित्येकांनीं आम्हांस एकच प्रश्न विचारला आहे. मागला आंस, ज्यास मिस्त्री लोक एक्सल म्हणतात, तो वारंवार दगा देतो; त्याच्या जागीं दुसऱ्या जड गाडीचा मजबूत आंस बसवावा कीं काय? आम्ही यंत्रविद्येचे पंडित नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों आहों. परंतु हें काम आम्हीं परतवाड्यास एका मिस्त्रीपाशीं बसून आरंभापासून शेवटपर्यंत पाहिलें, आणि पाहण्यास कारणही तसेंच घडलें होतें.

गेल्या वर्षीं आमच्या एका आप्तांची जुनी पिकअप पोतीं भरून चिखलदऱ्याहून खालीं येत होती. गाडींत आम्हीही होतों. चिखलदरा अचलपुराहून ७०० मीटरांहून अधिक उंच आहे आणि घाट वळणावळणांचा आहे. एका वळणावर मागें मोठा आवाज झाला, गाडी एका अंगास कलली, आणि आमच्याच गाडीचें उजवें मागलें चाक आमच्या पुढें घरंगळत गेलें. चाकाबरोबर ब्रेकचा ड्रमही गेल्यानें ब्रेकचें तेल सांडलें व पायाखालचा ब्रेक तळाशीं टेकला. चालकानें प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या अंगास घातली, म्हणूनच हा मजकूर लिहावयास आम्ही उरलों.

आंस मोडतांच चाक कां निसटावें? आपल्या बंडीचा आंस फिरत नाहीं. तो केवळ भार वाहतो आणि चाक त्याच्याभोंवतीं फिरतें. मोटारीच्या मागल्या आंसाकडे मात्र दोन कामें असतात : भार वाहणें आणि चाक फिरविणें. ज्या आंसास सेमी-फ्लोटिंग म्हणतात, त्यांत चाक थेट आंतल्या शाफ्टच्या टोकास बसविलेलें असतें. हीं दोन्ही कामें तो एकटा शाफ्ट करतो. तो टोकाशीं मोडला कीं चाक गेलेंच. फुल-फ्लोटिंग प्रकारांत चाकाचा तुंबा बाहेरच्या जाड नळीवर, म्हणजे हाउसिंगवर, दोन बेअरिंगांच्या आधारानें फिरतो, जसा बंडीचा तुंबा आंसावर फिरतो तसा. भार हाउसिंग वाहतें आणि शाफ्ट केवळ पीळ देतो. येथें शाफ्ट मोडला तर गाडी चालणार नाहीं, परंतु चाक जागेवर राहील. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी विलीज जीपचा मागला आंस याच प्रकारचा होता. पुढें आलेल्या सीजे-३बी या मुलकी जीपमध्यें सेमी-फ्लोटिंग आंस होता. म्हणून नुसतें जाड लोखंड न पाहतां आंस कोणत्या प्रकारचा आहे, हें आधीं विचारावें.

जाडीचाही हिशेब आहे. पीळ सोसण्याची शक्ति शाफ्टच्या व्यासाच्या घनाप्रमाणें वाढते. ३० मिलिमीटरांच्या जागीं त्याच पोलादाचा ३५ मिलिमीटरांचा शाफ्ट आला, तर पांच मिलिमीटरांनीं शक्ति सुमारें दीडपट होते.

यानंतर दांते मोजावे. आंसाच्या पोटांत लहान पिनियन व मोठें क्राऊन चक्र असतें. सीजे-३बी जीपमध्यें पिनियनास ८ व क्राऊनास ४३ दांते, म्हणजे प्रमाण ५.३८; लष्करी जीपमध्यें ८ व ३९, म्हणजे ४.८८. पहिल्याच्या जागीं दुसरें प्रमाण घातलें तर चढावरील ओढ सुमारें ९ टक्क्यांनीं घटते. त्याहून धोक्याची गोष्ट ही कीं, उतारावर गियरांत ठेवलेलें इंजिन गाडीस जो अटकाव करतें, तोही तितकाच कमी होतो. शिवाय वेगदर्शक कांटा फसवूं लागतो. गाडी ५० च्या वेगानें धांवत असतां तो सुमारें ४५ दाखवील. चारही चाकें ओढणारी गाडी असेल तर पुढल्या व मागल्या आंसांचें प्रमाण एकच असलें पाहिजे, नाहीं तर कोरड्या रस्त्यावर दोहोंची झुंज लागून दांते तुटतात.

उरलेल्या गोष्टी मिस्त्रीकडून एकेक तपासून घ्याव्या. नवा आंस जुन्याहून रुंद असल्यास चाकें बाहेर येतात. चाकाच्या बोल्टांचीं भोकें जुळलीं पाहिजेत. पाट्यांच्या बैठकी दोन्ही बाजूंस सारख्या अंतरावर हव्या, आणि यू-बोल्ट नवे घ्यावे. पिनियनाचें तोंड अधिक वर वा खालीं झालें तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस लवकर झिजतात. त्या शाफ्टची लांबीही कमी-अधिक करावी लागते व मग त्याचा तोल साधून घ्यावा लागतो. ब्रेकचे ड्रम मोठे आले असतां मागलीं चाकें आधीं अडून ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होते. हातब्रेकची तारही विसरूं नये.

आमच्या आप्तांनीं हें सर्व नीट करून घेतलें. मग मात्र त्यांस मोह पडला. आंस मजबूत झाला म्हणून ते पूर्वींच्या दीडपट संत्रीं भरूं लागले. महिन्याभरांत पाटा मोडला, मग क्रॉस गेला, आणि शेवटीं चासीस तडा दिसला. ज्या बंडीचा आंस पोलादी झाला तिची धुरीही पोलादी होत नाहीं. दुबळेपणा नाहींसा झाला नव्हता. तो दुसऱ्या जागीं गेला होता. ब्रेक, टायर, पाटे व चासी जुन्या वजनाचींच आहेत, हें आंस बदलणारानें विसरूं नये.

आतां कागदाविषयीं. आमची हयात फेरफाराच्या नोंदींत गेली. जमीन ताब्यांत आली पण नोंद झाली नाहीं, तर पुढें किती घरें कोर्टांत शिरतात, हें आम्हीं पाहिलें आहे. गाडीचेंही तसेंच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, निर्मात्यानें दिलेल्या तपशिलाशीं नोंदणीपुस्तकाचा मेळ राहणार नाहीं असा बदल करतां येत नाहीं. म्हणून कामास हात घालण्यापूर्वीं अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांत लेखी विचारावें आणि उत्तर जपून ठेवावें. पुस्तकांत लिहिलेलें वजन आंस बदलल्यानें वाढत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें जादा वजनास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये दंड १९४ व्या कलमांत ठरविला आहे. अपघात झाला असतां विमा कंपनी प्रथम तेंच पुस्तक उघडते.

तात्पर्य, मजबूत आंस अवश्य घालावा, परंतु तो घाट उतरतांना चाक जागेवर राहावें म्हणून. दोन पोतीं अधिक मावावीं म्हणून नव्हे. त्या दिवशीं मागें पोत्यांवर दोन मजूर बसले होते. माणसांनीं तेथें बसावें हेंच मुळांत चूक, आणि ती चूक आमच्या डोळ्यांदेखत झाली होती. त्यांचीं मुलें घरीं वाट पाहत होतीं. ओझ्याचा हिशेब करतांना तीं मुलेंही हिशेबांत धरावीं, एवढीच आमची विनंती आहे.