कीर्तनाला उभं राहिलेलं मयत

मराठवाड्यातल्या अनेक गावांत, मुदखेडच्या आसपासही, माणूस गेला की दशक्रियेला किंवा वर्षश्राद्धाला कीर्तन-प्रवचन ठेवतात. महाराज देहाची नश्वरता सांगतात, ओघात गेलेल्या माणसाचे चार गुणही येतात. पण खुद्द मयतच कीर्तनाला उभं राहिलं तर?

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये तेच घडतं. थिएटर अकादमीनं १९७४ साली पुण्यात हे नाटक रंगमंचावर आणलं, तेव्हा जीवरसायनशास्त्र शिकलेले आळेकर जेमतेम पंचविशीत होते.

गोष्ट तशी घरगुती. भाऊराव वारले आहेत. बायको रमा, चाळीतले शेजारी जमलेत. मुलगा नाना बाहेरगावी, म्हणून प्रेत खोळंबलंय. नाना येतो तर पुढची अडचण उभी: भाऊरावांना जुन्याच स्मशानात जळायचंय आणि ते स्मशान बंद होऊ घातलंय. नव्या पद्धतीनं दहन त्यांना मंजूर नाही. मेलेल्याचा हट्ट मोडायचा कुणी?

आणि रमा? जमलेल्या मंडळींतला ‘डावीकडून तिसरा’ तिच्या मनात भरतो.

अशा नाटकाला असंगत (अब्सर्ड) नाटक म्हणतात. मार्टिन एसलिन यांनी १९६१च्या पुस्तकातून ‘थिएटर ऑफ द अब्सर्ड’ ही संज्ञा रुजवली. युजीन आयनेस्कोच्या ‘आमेदे’ या नाटकातही एका जोडप्याच्या घरात प्रेत असतं आणि ते दिवसेंदिवस वाढत जातं. पण ते मुकं आहे. भाऊराव बोलतात, गातात, स्वतःच्याच मरणाचं आख्यान लावतात.

नाटक कळण्याची वाट इथूनच जाते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान लागतं. मराठवाड्यात जास्त चालणारं वारकरी कीर्तन वेगळं. पण चालीचा ठेका आणि मधूनच श्रोत्यांना मारलेली कोपरखळी दोन्हीकडे ओळखीची. आळेकरांनी कीर्तनाचा हा साचा उचलला आणि त्यात भक्तीऐवजी अंत्यविधीची खटपट भरली. सूर पवित्र, मजकूर व्यवहाराचा. प्रेक्षक आधी हसतो, मग मयताच्या घरी आपण हसतोय हे ध्यानात येऊन चपापतो.

त्यामुळे ‘मेलेला माणूस बोलेल कसा’ या प्रश्नात अडकून फायदा नाही. त्यापेक्षा जिवंत माणसं काय करताहेत ते पाहावं. शेजारी ठरलेलं रडतात, ठरलेलं बोलतात. रमेचं मन मात्र कुठल्याच विधीत बसत नाही. आणि नाना एकीकडे बापाची शेवटची इच्छा, दुसरीकडे आईचा ‘तिसरा’ यांच्यामागे धावत सुटतो.