कोकणची भुतावळ: दफ्तरातून पडद्यावर

हेन्री कोस्टर यांच्या १९४८ सालच्या 'द लक ऑफ द आयरिश' या अमेरिकन चित्रपटात, आयर्लंडच्या आडमुलखात अडकून पडलेला न्यूयॉर्कचा एक वार्ताहर लेप्रेकॉनास, म्हणजे जोडे शिवणाऱ्या व सोन्याचा हंडा पुरून ठेवणाऱ्या तिकडच्या लोककथेतील बुटक्या देवचारास, पकडतो. हाती आलेले सोने परत करतो. आणि त्या उपकाराने मिंधा झालेला तो देवचार थेट न्यूयॉर्कात त्याच्या घरी चाकर म्हणून रुजू होऊन धन्याचे प्रेमप्रकरण मार्गी लावतो. नायक टायरोन पॉवर, नायिका अ‍ॅन बॅक्स्टर. परंतु स्मरणात राहतो तो देवचार झालेला सेसिल केलवे, ज्याला या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकनही मिळाले.

रत्नागिरीकराला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. पाणवठ्यावरच्या गिऱ्हा नावाच्या भुताच्या डोक्याचा केस हाती लागला, की तो केस परत मिळेतो ते भूत माणसाची चाकरी करते, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. आणि १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईतो रत्नागिरीतच मोडणाऱ्या आरवली गावच्या वेतोबा या देवाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, त्या त्याच्या रात्रीच्या फेरीत झिजतात, अशी श्रद्धा आहे. आयर्लंडचा देवचार जोडे शिवतो, आमचा झिजवतो!

या सामग्रीची नोंद कागदावर कशी उतरली, ती हकीकत तर चित्रपटाहून चमत्कारिक आहे. संस्कृतच्या व्यासंगामुळे 'पंडित' म्हणवला जाणारा ए. एम. टी. जॅक्सन हा मुलकी अंमलदार मुंबई इलाख्यातील शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या धाडून लोकसमजुती गोळा करीत असे. झाडावरचा मुंज्या, विहिरीवरची हडळ, वेशीवरचा वेताळ यांचे तपशील मास्तरांनी सरकारी कामाच्या शिस्तीने लिहून पाठविले. तोच जॅक्सन नाशिकचा कलेक्टर असताना, २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आला असता अनंत कान्हेरे यांच्या गोळीस बळी पडला. आणि कान्हेरे हे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या आयनीचे. पुढे आर. ई. एन्थोव्हेन याने ते टिपण संपादून कोकणचा खंड १९१५ साली छापला, त्यात तळटिपांमधून रत्नागिरी जिल्ह्यातले ते शाळामास्तर आजही भेटतात, नावाने नव्हे, केवळ गावाने आणि हुद्द्याने.

एवढे भांडवल हाताशी असून आमच्या पडद्यावर भूत बहुधा किंकाळी फोडण्यापुरतेच आले. सन्मान्य अपवाद १९८२ च्या 'एक डाव भुताचा' या चित्रपटाचा. दिलीप प्रभावळकरांचा मास्तर आणि अशोक सराफांचे भूत यांचे सख्य द. मा. मिरासदारांच्या लेखणीतून उतरलेले, आणि त्या लेखणीला गावगाड्याची नस पक्की ठाऊक असल्यामुळे भूतसुद्धा गावातल्या एखाद्या बेरकी असामीसारखे वागते. प्रसंग फार्साकडे झुकतात हे खरे; तरी भुताशी मैत्री होऊ शकते, हे त्याने प्रेक्षकाच्या गळी उतरविले.

त्यानंतर चार दशकांनी, ७ जून २०२४ रोजी, आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' आला. चित्रपट हिंदी, कथा मात्र अस्सल कोकणातली. उत्पन्न शंभर कोटींच्या वर गेले. लेप्रेकॉन जसा न्यूयॉर्कात, तसा हा मुंज्या बिट्टू नावाच्या भिडस्त तरुणाच्या मागोमाग कोकणातून पुण्यात येतो. पण तो प्रेम जुळवायला आलेला नसून, मुंज झाल्यावर लग्नावाचून मेलेल्या मुलाची वासना घेऊन, बिट्टूच्या मनातील मुलीशी स्वतःच बोहल्यावर चढायला आलेला असतो. हा फरक मला फार बोलका वाटतो: आयरिश भूत उपकाराने बांधलेले, आमचे अपुऱ्या इच्छेने. म्हणूनच 'मुंज्या'त हसू आहे, शृंगार आहे, परंतु भुताविषयी माया उत्पन्न व्हायच्या आतच पुन्हा भयाची पाळी येते. संगणकाने घडविलेल्या त्या चेहऱ्यावर अशोक सराफांच्या एका भुवईइतकेही कसब दिसत नाही.

तेव्हा पसंतीचा कौल माझ्यापुरता अजूनही १९८२ कडेच आहे. पटकथा लिहिणाऱ्या तरुण मंडळींना विनंती एवढीच, की मुंज्याला आता थोडी विश्रांती द्यावी, १९१५ चा तो खंड एकदा मुळातून वाचावा, आणि गिऱ्ह्याला चाकरीवर ठेवून पाहावे.