बाहेरचा घेर इंजिनाचा, आतले दात गिअरबॉक्सचे

कोकणातून देशावर चढणाऱ्या गाडीच्या क्लचचा खरा कस लागतो करूळ घाटात. वैभववाडीकडून निघालेला रस्ता सुमारे १० किलोमीटर वळणं घेत गगनबावड्याला पोचतो. भुईबावड्याचा दुसरा घाटही इथंच वर येतो. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस झेलणारा हा तालुका. पावसाळ्यात धुक्यातून पुढचा ट्रक अचानक समोर येतो, गाडी थांबवावी लागते आणि चढावर ती पुन्हा उचलायची म्हणजे हाफ क्लच आलाच. हँडब्रेक न ओढता क्लचवरच गाडी तोलून धरायची सवय असेल, तर घाटमाथा येईपर्यंत लायनिंग जळल्याचा वास केबिनभर पसरतो.

नव्या गाडीचं अशा वेळी फार बिघडत नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सेट मिळतो. पंचवीस-तीस वर्षांची जिप्सी हौसेनं बाळगणाऱ्यासमोर मात्र इथूनच शोध सुरू होतो. हा शोध बहुतेकदा अडतो तो पार्ट मिळत नाही म्हणून नव्हे, तर चुकीचा प्रश्न घेऊन दुकानात गेल्यामुळे. ‘जिप्सीची क्लच प्लेट द्या’ हे वाक्य अपुरं आहे.

घराणं एक, नावं अनेक

जिप्सी मुळात जपानी. सुझुकीनं १९७० मध्ये ३५९ सीसीची एलजे१० ही चिमुकली फोर-व्हील ड्राइव्ह गाडी काढली आणि जिम्नीचं घराणं सुरू झालं. त्यातल्या एसजे४१०ची लांब आवृत्ती मारुती उद्योगानं डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी या नावानं आपल्याकडे आणली. ९७० सीसीचं एफ१०ए इंजिन आणि चार गिअर असा तिचा थाट होता. १९९६ मध्ये १२९८ सीसीचं जी१३ इंजिन आणि पाच गिअर घेऊन जिप्सी किंग आली. २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं. याच पिढीतली भावंडं अमेरिकेत समुराई, ऑस्ट्रेलियात सिएरा, इंडोनेशियात कटाना म्हणून विकली गेली. स्पेनमध्ये ती सांताना कंपनीच्या लिनारेसच्या कारखान्यात तयार होत.

इतक्या देशांत इतकी वर्षं बनल्यामुळे सुट्या भागांचा झरा आटला नाही. १९८० च्या दशकात जपानी तंत्रज्ञानाची आणखी वाहनं भारतात आली होती. त्यांतल्या डीसीएम-टोयोटा आणि ऑल्विन-निसान या जोड्या पुढं मोडल्या, नावंही गेली. सुझुकी टिकली. म्हणून आपल्याकडे जुनी जपानी गाडी चालती ठेवायची असेल, तर सुझुकीवाला त्यातल्या त्यात नशीबवान.

दोन घरांची सोयरीक

क्लचचं काम दिसायला सोपं. इंजिनाच्या मागं फ्लायव्हील फिरतं. त्यावर प्रेशर प्लेट बोल्टनं घट्ट बसवलेली असते आणि या दोघांच्या मध्ये दाबून धरलेली असते क्लच प्लेट. प्लेटच्या मधल्या हबला आतून दात असतात. त्यांत गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट शिरतो. पेडल दाबलं की केबल फोर्क ओढते, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरांवर रेटलं जातं, पकड सुटते आणि प्लेट मोकळी होते.

आता यातली मेख पाहा. प्लेटचा बाहेरचा घेर ठरतो फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवरून, म्हणजे इंजिनाकडून. आतले दात ठरतात इनपुट शाफ्टवरून, म्हणजे गिअरबॉक्सकडून. क्लच प्लेट ही दोन घरांतली सोयरीक आहे, आणि दोन्हीकडची चौकशी केल्याशिवाय ती जमत नाही.

जुन्या जिप्सीत हीच दोन घरं अनेकदा बदललेली असतात. घाटात ताकद कमी पडते म्हणून कुणी ९७० सीसीचं इंजिन उतरवून १३०० सीसीचं चढवतो आणि गिअरबॉक्स चारचाच ठेवतो. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाड्यांमध्ये तीन गाड्यांचे भाग एकत्र नांदताना आढळतात. अशा गाडीच्या आरसी बुकावर वर्ष १९९० असलं, तरी त्या वर्षाच्या कॅटलॉगातली प्लेट तिला बसेलच असं नाही. कॅटलॉग कारखान्यातून निघालेल्या गाडीबद्दल बोलतो. मिस्त्रीसमोर उभी असते ती मधल्या सगळ्या मालकांनी घडवलेली गाडी.

मापं कोणती घ्यायची?

त्यामुळे आधी गिअरबॉक्स उतरवा, मग दुकान गाठा. जिप्सीत हे तुलनेनं सोपं जातं, कारण ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. दोहोंमध्ये आखूड प्रोपेलर शाफ्ट असतो. तो सोडवला की ट्रान्सफर केस जागच्या जागी ठेवून गिअरबॉक्स मागं घेता येतो.

प्लेट हातात आली की व्हर्निअरनं तिचा बाहेरचा व्यास घ्या. दात मोजा आणि शाफ्टचा व्यासही घ्या, कारण दातांची संख्या जुळूनही जाडी वेगळी निघू शकते. हब कोणत्या बाजूनं किती बाहेर आलेला आहे तेही पाहा. घेर आणि दात दोन्ही जुळले तरी हब उंच असेल तर तो फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो. प्रेशर प्लेटच्या बोल्टांची आणि डॉवेल पिनांची जागा फ्लायव्हीलशी ताडून बघा. फिंगरांची उंची आणि रिलीज बेअरिंगचं आतलं माप नोंदवा. शेवटी केबलची लांबी.

जुनी प्लेट खरोखर संपली आहे का, तेही याच वेळी कळतं. लायनिंगच्या पृष्ठभागापासून रिव्हेटचं डोकं किती खोल आहे ते मोजा. सुझुकीच्या जुन्या मॅन्युअलमध्ये ही मर्यादा ०.५ मिलिमीटर आहे. त्याहून कमी उरलं तर प्लेट बदलायची. लायनिंग शाबूत पण तेलकट असेल, तर दोष क्रँकच्या मागच्या किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या ऑइल सीलचा. सील तसंच ठेवून नवी प्लेट टाकली, तर तीही पुन्हा स्लिप मारणार. आणखी एक खबरदारी: जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. बेल हाउसिंगमधली धूळ हवेच्या प्रेशरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

नंबर वाचायला शिका

माप झालं की पार्ट नंबर. सुझुकीच्या नंबरातले पहिले पाच अंक भागाची जात सांगतात. २२४०० म्हणजे क्लच प्लेट, २२१०० म्हणजे प्रेशर प्लेट. पुढचे अंक सांगतात की तो भाग कोणत्या रचनेचा आहे. मारुतीच्या नंबरात या पाच अंकांनंतर ‘एम’ येतो. म्हणून परदेशी सुझुकीच्या यादीतला नंबर पाहताना ‘एम’ बाजूला ठेवून पुढचे अंक ताडले, तर धागा सापडतो. त्यावर शिक्कामोर्तब मात्र व्हर्निअरनंच करायचं.

कंपनीच्या डब्यात नसेल, तर क्लच बनवणाऱ्याच्या डब्यात शोधा. गाडी कंपन्या क्लच सहसा स्वतः घडवत नाहीत. जपानच्या डायकिन सेइसाकुशोचं नाव पुढं एक्सेडी झालं. तिच्याशी जोडलेली सीके डायकिन, म्हणजे आताची एक्सेडी इंडिया, आपल्या छत्रपती संभाजीनगरातली. त्यामुळे जपानी गाडीच्या प्लेटसाठी प्रत्येक वेळी जपानकडे डोळे लावायची गरज नाही. डबा ओळखीचा दिसला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. बनावट मालाचा डबा हुबेहूब असतो. प्लेटवरचे ठसे, रिव्हेटांची सफाई, हबच्या स्प्रिंगांचा घट्टपणा यांवरून माल ओळखावा.

काहीच मिळालं नाही, तर गगनबावड्याहून कोल्हापूर ५५ किलोमीटरवर आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथवर फ्लायव्हीलला फेसिंग मारून मिळतं. जुन्या प्लेटचा हब आणि स्प्रिंगा धड असतील, तर नवं लायनिंग रिव्हेट करून तीच प्लेट पुन्हा वापरता येते. एकच सीमा पाळा: प्लेटला लायनिंग चालतं, पण फिंगर झिजलेली किंवा तापून निळी पडलेली प्रेशर प्लेट ठोकून-घासून वापरू नये. तिची स्प्रिंग मेलेली असते, आणि ते समजतं ते भरल्या गाडीनं घाट चढताना.

बसवताना प्लेट मधोमध धरायला डमी शाफ्ट वापरा. मोडक्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट त्यासाठी उत्तम. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. पेडलला थोडी मोकळीक राहू द्या, नाहीतर बेअरिंग सतत फिंगरांवर घासत राहतं. गगनबावड्याच्या पावसाचा खास त्रास असा की गाडी महिना-दोन महिने उभी राहिली तर प्लेट गंजून फ्लायव्हीललाच चिकटते. चार महिने गाडी काढायची नसेल, तर पेडल दाबून लाकडाचा टेकू देऊन ठेवणारे जुने लोक शहाणे होते.

कायद्याचीही बाजू आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये शुल्क आहे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला असेल तर ती मान्यता मिळत नाही. म्हणजे पहिल्या जिप्सींना हा मान डिसेंबर २०३५ च्या आधी नाही, आणि १३०० सीसीचं इंजिन चढवलेल्या गाडीला त्याची आशाही धरता येणार नाही. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवीच. क्लच मात्र झिजण्यासाठीच असतो. तो बदलल्यानं गाडीचं मूळपण जात नाही. एवढंच करा: घेर, दात, हबची उंची, बोल्टांचं अंतर, बेअरिंगचं माप आणि जुळलेला पार्ट नंबर एका कागदावर लिहून आरसीसोबत ठेवा. गाडी विकाल तेव्हा किल्लीबरोबर तो कागदही द्या. पुढच्या मालकाचा निम्मा शोध तिथंच संपेल.