श्रवणयंत्राच्या सेलची वर्गणी

कानाच्या मशीनमधला बटणाएवढा सेल झिंक-एअर प्रकारचा असतो, म्हणजे त्याला काम करायला हवा लागते. आत जस्ताची पूड भरलेली असते. सपाट बाजूच्या बारीक छिद्रांतून प्राणवायू आत शिरला की जस्ताचे ऑक्सिडीकरण सुरू होते आणि सुमारे १.४ व्होल्ट विद्युतदाब मिळतो. कारखान्यातून निघताना ही छिद्रे रंगीत पट्टीने बंद केलेली असतात. पट्टी जागेवर असेपर्यंत सेल दोन-तीन वर्षे सहज टिकतो. ती एकदा काढली की मशीन वापरा वा न वापरा, सेल उतरू लागतो, आणि पट्टी परत चिकटवून फारसा उपयोग होत नाही. असे सेल ठरावीक मुदतीने घरपोच देणारी वर्गणी, म्हणजे सबस्क्रिप्शन, निवडताना बहुतेक घरांत आधी सवलतीचा आकडा पाहिला जातो. खरे तर आधी पाहायचा तो कान, मग गाव, आणि किंमत सर्वांत शेवटी.

सेलचे चार आकार प्रचलित आहेत आणि प्रत्येकाच्या पट्टीचा रंग जगभर एकच ठेवलेला आहे: १० क्रमांकाला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला केशरी, ६७५ ला निळा. कंपनी बदलली तरी रंग बदलत नाही, त्यामुळे इंग्रजी न वाचणाऱ्या आजींनाही आपला सेल ओळखता येतो. ३१२ आणि १३ यांचा व्यास सारखाच, ७.९ मिलिमीटर, जाडी मात्र ३.६ आणि ५.४ मिलिमीटर. वरून पाहिले तर फरक कळत नाही आणि जाड सेल कोंबायला गेले की मशीनचे झाकण मोडू शकते. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मिळणारा ६७५ हा जास्त विद्युतप्रवाह देणारा वेगळा सेल असतो. साध्या ६७५ वर ते यंत्र नीट चालत नाही. वर्गणीच्या अर्जात केवळ ‘६७५’ एवढेच लिहिले तर चुकीचे पाकीट घरी येऊ शकते.

वर्षाला किती सेल लागतील हे गणिताने काढता येते. ३१२ च्या सेलची क्षमता साधारण १६० ते १८० मिलिअँपिअर-तास असते. मशीन दीड मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल आणि रोज १४ तास कानात असेल, तर दिवसाला २१ मिलिअँपिअर-तास खर्च होतात आणि सेल साडेसात-आठ दिवस पुरतो. दोन्ही कानांना मशीन असेल तर वर्षाला शंभराच्या आसपास सेल, म्हणजे सहाच्या पाकिटाची सोळा-सतरा पाकिटे. मशीन ब्लूटूथने फोनला जोडून रोज तासभर मुलांशी बोलणे होत असेल तर हा हिशेब वाढतो. याउलट भजनाला आणि पाहुणे आले तेवढ्यापुरतेच मशीन लावणाऱ्याला सेल कमी लागतात, पण तेही एका मर्यादेतच, कारण पट्टी निघालेला सेल डबीत पडून राहिला तरी काही आठवड्यांत उतरतो. गणितापेक्षा भरवशाचा उपाय भिंतीवर असतो: नवा सेल घातला की त्याची पट्टी कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात चिकटवायची. दोन महिन्यांत त्या पट्ट्याच सांगतात की सेल किती दिवसांनी बदलावा लागतो. त्याआधी कोणतीही वर्गणी घेऊ नये.

आता गाव. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. ज्या छिद्रांतून प्राणवायू आत जातो, त्यांतूनच बाष्पही जाते. सेलमधले पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ते ओढून घेते, आतली जागा भरते आणि क्षमता शिल्लक असतानाच सेल बंद पडतो. त्यामुळे मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर किंवा मये तळ्याच्या काठी राहणाऱ्याने कोरड्या हवेच्या शहरातल्या अनुभवावरून बांधलेला आकडा तसाच धरू नये. पावसाळ्यात थोडे जास्त सेल मागवता येतील, उन्हाळ्यात थांबवता येतील, अशी मुभा ज्या वर्गणीत आहे तीच इथे सोयीची. साठ सेलचा मोठा बॉक्स स्वस्त पडतो खरा, पण घरात एकच मशीन असेल तर तो वर्षभराहून अधिक काळ पडून राहतो. साठा फ्रिजमध्ये ठेवण्याची सवयही वाईट; बाहेर काढल्यावर धरणारा ओलावा सेलला मारक ठरतो.

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत मशीनची बहुतेक कामे म्हापसा किंवा पणजीला जाऊन होतात. तपासणी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात होते आणि सेलही येताना तिथल्याच बाजारातून आणले जातात. इब्रामपूर, हळर्ण, कासारवर्णे अशा गावांतून केवळ एका पाकिटासाठी बस धरून जायचे तर अख्खी सकाळ मोडते. घरपोच वर्गणीचा खरा फायदा या गावांना आहे, आणि अडचणही इथेच आहे. गावातल्या घराचा पत्ता ‘देवळामागे’ एवढाच असतो. पार्सल घेऊन आलेला मुलगा रस्त्यावरून फोन करतो, ओटीपी विचारतो. आणि ज्याचे सेल संपले आहेत त्याला तो फोन ऐकू येत नाही. पार्सल परत जाते. म्हणून अर्जात दुसरा नंबर मुलाचा, सुनेचा किंवा शेजाऱ्याचा द्यावा आणि आपल्या पिनकोडला, पेडण्याच्या ४०३५१२ ला किंवा डिचोलीच्या ४०३५०४ ला, माल कोणामार्फत येतो हे आधी विचारून घ्यावे. पोस्टाने येत असेल तर उत्तम. पोस्टमन घर ओळखतो. चवथीच्या दिवसांत दुकाने बंद आणि कुरियर रखडलेले असतात, घर मात्र माणसांनी भरलेले असते आणि मशीन दिवसभर कानात राहते. दोन पाकिटे कायम हाताशी असावीत.

वर्गणीचे मार्ग तीन. ऑनलाइन बाजारातली आपोआप पुन्हा नोंदली जाणारी मागणी, मशीन विकणाऱ्या क्लिनिकची वार्षिक योजना, आणि ओळखीच्या दुकानदाराशी ठरवलेला महिन्याचा रतीब. ऑनलाइन मालात निवड जास्त, पण पाकिटावरची तारीख हातात पडल्यावरच कळते. क्लिनिकच्या योजनेत मशीनची साफसफाई आणि तपासणी मिळत असेल तर चार पैसे जास्त देणे योग्य, कारण सेल लवकर संपण्याचे कारण कित्येकदा मशीनमध्येच असते. दुकानदाराचा रतीब दिसायला साधा, पण पेडण्या-डिचोलीत वयस्क माणसासाठी तोच पुष्कळदा सर्वांत चांगला: तारीख पाहून घेता येते, सेल फुसका निघाला तर बदलून मिळतो आणि कुठल्याही अटी वाचाव्या लागत नाहीत.

ऑनलाइन वर्गणीचे पैसे खात्यातून आपोआप वळते होतात. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते आणि दिलेली परवानगी ग्राहकाला केव्हाही मागे घेता येते. १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे तो एसएमएस कोणीतरी वाचणे महत्त्वाचे. वर्गणी घेणे सोपे आणि रद्द करणे कठीण ठेवणे ही केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या १३ पद्धतींपैकी एक मानली आहे; तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. किंमत तोलताना घरपोच खर्च धरून एका सेलचा भाव काढावा. पाकीट २४० रुपयांना आणि वर ६० रुपये पोहोचवण्याचे, तर सेल ४० ला नव्हे, ५० ला पडला.

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून मशीन मिळालेल्यांना सेलही मोफत मिळतात. आपल्याकडे २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब घरातल्या वृद्धांना श्रवणयंत्र मिळते, पुढचे सेल मात्र घरखर्चातून आणावे लागतात. ते परवडत नाहीत म्हणून मशीन कपाटात पडून राहणे ही फार मोठी हानी आहे, आणि सेलची तरतूद त्या योजनेतच असायला हवी.

वापरलेला सेल गोळीएवढाच दिसतो. औषधाच्या डबीशेजारी ठेवला तर म्हातारे माणूस तो चुकून गिळू शकते आणि लहान मूलही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा जुने सेल परत घेणारा विक्रेता मिळाला तर त्याला झुकते माप द्यावे. मशीन पाच-सहा वर्षांचे जुने झाले असेल तर वर्षभराची आगाऊ वर्गणी घेऊ नये, कारण बदलून येणारे मशीन चार्जिंगचे असू शकते. पट्टी न काढलेली उरलेली पाकिटे त्याच रंगाचा सेल वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी चालतात.